गळ्याइतक्या पाण्यातला जमाव

७ जानेवारी

चि. पिटूस,

अनेक आशीर्वाद. सहा फुटी फौजदाराला पिटू म्हणू नये, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा घातला आहे, तेव्हा आतला मायना माझ्या मर्जीचा.

फोन का करत नाहीस म्हणून पुन्हा विचारू नकोस. माझा एक कान पाण्याने गेला आणि दुसरा शाळेच्या मैदानावर शिट्ट्या फुंकून. मागच्या खेपेला तू खोली मिळाली म्हणालास, मी मुलगी मिळाली असं ऐकलं आणि आठवडाभर लोकांची अभिनंदनं घेतली. पत्र बरं.

आता तळ्याची बातमी. निवृत्तीनंतर मी सकाळी मोठ्या माणसांना पोहायला शिकवते ते तुला माहीत आहेच. दहा-बारा जण आहेत, सगळे लहानपणी शिकायचे राहून गेलेले. त्यात आमचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना अजिबात दुखणार नाही असं सांगतात आणि स्वतःच्या छातीला पाणी लागलं की डोळे मिटून घेतात. पण येतात रोज.

आम्ही ज्या उथळ कोपऱ्यात शिकतो, तो बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची असं ठरलं आहे. तिथे लव्हाळी आहेत, पाणकोंबड्यांची घरटी आहेत, आणि ओढ्याचं गढूळ पाणी तिथेच निवळून तळ्यात उतरतं. तो कोपरा गेला की उरेल ते तळं नाही, मोठं डबकं. आम्ही अर्ज दिले, नगरपालिकेत जाऊन बाकड्यांवर बसलो. उत्तर आलं नाही, डंपर आले. म्हणून सोमवारपासून आम्ही काठावर उभे राहतो. डंपरवाला बिचारा चांगला आहे, माती न ओतता परत जातो.

तुला हे आवडणार नाही. तरी आपलं कळवलं. जेवतोस ना वेळेवर? माया आहेच, ती पोस्टाने पाठवायला जागा उरली नाही.

तुझी मावशी


१२ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,

शि. सा. न. वि. वि. बंदोबस्ताचे बूट घालून साष्टांग घालता येत नाही, तेव्हा हा उभ्याउभ्या घातलेला समज.

तुझं पत्र वाचून मला दोनदा पाणी प्यावं लागलं. मावशे, काठावर उभं राहणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? सदर ठिकाणी कालपासून जमावबंदीचा हुकूम निघाला आहे. काठावर, रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत चारहून जास्त माणसं जमली की तो गुन्हा. तुझा पोहण्याचा वर्ग आता बेकायदा जमाव झाला आहे, आणि त्याची म्होरकी निवृत्त क्रीडाशिक्षिका.

खरं सांगू? तुमचं म्हणणं मला पटतं. पण मी खाकीत असताना पटणं न पटणं खुंटीला टांगून ठेवावं लागतं. तुकडीत कुजबुज आहे की आम्हालाच तिकडे पाठवणार. तशी वेळ आलीच, तर दोन विनंत्या. एक म्हणजे सर्वांत पुढे उभी राहू नकोस. आणि दुसरी, माझ्या माणसांसमोर मला पिटू म्हणू नकोस. तेवढी अब्रू शिल्लक ठेव.

मेसमधलं जेवण पोटात जातं, चवीचं विचारू नकोस. तुझा लोभ वाढत जावो, पण शक्यतो घरात बसून.

तुझा,
फौजदार (उर्फ तुला ठाऊक आहे तो)


२० जानेवारी

चि. पिटूस,

पुष्कळ आशीर्वाद, आणि आभार. तुझ्या पत्राने आमचं काम झालं!

तू लिहिलंस ना, हुकुमात काठ, रस्ता आणि मोकळी जागा आहे म्हणून? मी ते वर्गात वाचून दाखवलं. त्यावर ग्रंथालयात काम करणारी वर्गातली एक मुलगी, जी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, ती म्हणाली की यात पाणी कुठे आहे? दुसऱ्या दिवसापासून आम्ही काठावर उभे राहत नाही, पाण्यात उभे राहतो. माती जिथे ओतायची बरोबर तिथे, गळ्याइतक्या पाण्यात, हात वर करून, म्हणजे कुणाच्या हातात काही नाही हे लांबूनही दिसावं.

गारठा असा की डॉक्टरांचेच दात वाजतात. काठावरच्या पोलिसांनी भोंग्यावरून हुकूम वाचला. मला ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचला. मी अजून एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यातल्या एकाला हसू आवरेना. डंपर उभे राहून राहून परत गेले. बातमीवाले आले, मग गावातली माणसं आली, आता पाण्यात पन्नासेक डोकी असतात.

तुझी दुसरी विनंती लक्षात आहे. पहिलीचं बघू.

मावशी


३० जानेवारी

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद देते, पण दात-ओठ खातच. तू कोठडीतून सुटून घरी आलीस हे शेजारणीकडून कळलं. मला कळवावंसं तुला वाटलं नाही.

सगळ्यांबरोबर मीही ते बातम्यांत पाहिलं. अग्निशमनवाल्यांची बोट कलंडलेली, माझा मुलगा नारंगी जाकीट घालून पाण्यात हातपाय झाडतोय, आणि तू सगळ्या जगासमोर पिटू, पिटू करून त्याला पाय मारायला सांगतेस! त्याच्या तुकडीत आता साहेबांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे त्याला पिटूसाहेब म्हणतात. ते जाऊ दे.

त्याला तुझ्यावर पाठवलं कसं म्हणून मी विचारलं. तर त्याने साहेबांना आधीच सांगितलं होतं की ती माझी मावशी आहे. साहेब म्हणाले, मग तर उत्तमच, तुझं ऐकेल! त्यांना तू माहीत नाहीस.

आता माझं नीट ऐक. तुम्ही लोकांनी मिळून बोट उलटवली, पोलिसांना बुडवायला बघितलं, असा आरोप ठेवला आहे. बोटीतल्या बाकीच्यांनी तशी जबानी दिली आहे. आमच्याने मात्र दिलेली नाही. कोर्टात विचारतील तेव्हा सांगेन म्हणतो. रविवारी घरी आला तो ताटावर नुसता बसून होता. मी विचारलं की घडलं काय, तर म्हणाला, आई, पाणी फार गार होतं.

तू सुटशील गं. तुला वय आहे, मान आहे, चांगली वकीलबाई आहे. त्याच्याकडे नुसती नोकरी आहे, आणि ती मिळवायला त्याने काय काय केलं ते तू जवळून पाहिलं आहेस. सगळे बोलले तेच तोही बोलला, तर तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि त्याला काही लिहू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. जीव आहे तुझ्यावर म्हणून हात जोडते.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू रागाव, तुला हक्क आहे. पण घडलं काय ते निदान तुला तरी माहीत असावं.

काठावरून आम्हाला हलवता येईना, म्हणून साहेबांनी बोट मागवली. खोल बाजूने ती आमच्या मागे आली. बोटीत पिटू, दोन महिला शिपाई, वल्ही मारणारा, आणि एक थोराड हवालदार. हवालदारांच्या पोटावर जाकीट बसेना म्हणून त्यांनी ते नुसतं खांद्यावर टाकलं होतं. पिटूने आम्हाला अदबीने बाहेर यायला सांगितलं. आम्ही तितक्याच अदबीने नाही म्हणालो. तेव्हा भोंग्यावरून साहेब ओरडले की उचला. सगळ्यांत जवळ डॉक्टर होते. त्यांना धरायला हवालदार आणि दोघी मुली, तिघंही एकाच कडेला वाकले. पिटू मधे बसा, मधे बसा म्हणून सांगत होता. तोवर बोट कलंडली. आमचा कुणाचा बोटीला हात लागला नाही, सगळ्यांचे हात वरच होते.

जाकिटं होती ते तरंगले. हवालदार बूट-पट्ट्यासकट खाली गेले. मी बुडी मारली, कॉलर हाताला लागली, वर काढलं. एवढंच. पिटूला नावाने हाक मारली ती चूक झाली, पण त्या क्षणी तो मला फौजदार दिसला नाही गं.

मला कोठडीचं काही वाटलं नाही असं लिहिणार होते. ते खोटं आहे. दार लागलं तेव्हा मी उठून ते ढकलून पाहिलं. आणि आरोप माझ्या एकटीवर नाही. तो टिकला तर डॉक्टरांचा दवाखाना जाईल, ग्रंथालयातल्या मुलीची नोकरी जाईल. तीही कुणाची तरी मुलगीच आहे, ताई.

तरी तुला शब्द देते. मी पिटूला यातलं एक अक्षर लिहिणार नाही. वकीलबाईंनीही साक्षीदाराशी खटल्याचं बोलायचं नाही अशी ताकीद दिली आहे. तो काहीही बोलला तरी मी त्याची मावशीच राहीन. ते त्याला सांगायचं की नाही, हे तू ठरव.

राग ओसरला की दोन ओळी लिही. वाट बघते.

तुझी धाकटी


६ फेब्रुवारी

चि. पिटूस,

आशीर्वाद. हवा बरी आहे. माझ्या खिडकीखाली एक मांजर व्यायली, पिल्लं तीन, तिन्ही आगाऊ. शेजाऱ्यांनी जिना रंगवला, रंग असा की चढताना डोळे मिटावेसे वाटतात. तुझ्या मिशांचा फोटो आईने पाठवला. काढून टाक.

बाकी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून इथेच थांबते.

मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. आता सुनावणी झाली, माझी साक्षही झाली, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. तू कोर्टात होतीस खरी, पण मी बोलत होतो तेव्हा कानामागे हात धरून शेजारणीला काय म्हणाला, काय म्हणाला असं विचारत होतीस. ते मला पिंजऱ्यातून दिसत होतं. म्हणून सगळं पुन्हा सांगतो.

मी काही शूर नाही गं. आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, फार बोलायचं नाही, गोंधळात नीट दिसलं नाही एवढंच म्हणायचं. खोटंही नाही आणि खरंही नाही. मला ते पटलंसुद्धा होतं. त्या रात्री घरीच झोपायला गेलो. सकाळी निघताना आईने डबा हातात दिला आणि म्हणाली की मावशीने लिहिलं आहे, तू काहीही बोललास तरी ती मावशीच राहणार. एवढं म्हणून ती आत निघून गेली. मावशे, तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं की बोटीला कुणी हात लावला होता का. माझ्या तोंडात नीट दिसलं नाही हे तयार होतं. पण बाहेर आलं वेगळंच. म्हटलं, नाही. कुणीही लावला नव्हता, आम्हीच एका बाजूला झुकलो. साहेबांची मान लाल होत गेलेली मला दिसली, मग मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं. न्यायाधीशबाईंनी पुढे विचारलं की समोरची बाई माझी मावशी आहे हे खरं का. म्हटलं, खरं आहे, आणि ती मावशी नसती तरी बोट अशीच उलटली असती.

माझं संपलं आणि मागच्या बाकावरून हवालदार उठले. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाले, माझी जबानी चुकली आहे. मी तळाला होतो, मला या बाईंनी काढलं. त्यांच्या वयाच्या माणसाला भर कोर्टात रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं तुला माहीत आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या की हात वर करून शांत उभं राहणं आणि नको म्हणणं हा गुन्हा होत नाही. डंपरांचा खोळंबा होतो म्हणून जमावबंदी लावता येत नाही. आणि नको म्हणणाऱ्यांना हुसकावणं हे पोलिसांचं काम नव्हे, त्यांना इजा होणार नाही हे बघणं त्यांचं काम आहे. हे मी प्रशिक्षणात घोकून पास झालो होतो. ऐकलं पहिल्यांदा.

माझी बदली झाली. जप्त केलेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात. हाताखाली एक शिपाई आणि गंजलेल्या शेकडो गाड्या, एकही सलाम करत नाही. आई फार बोलत नाही, पण परवा माझ्या ताटात दुप्पट वाढलं. झोप मात्र लागते.

मिशा काढल्या. कृपादृष्टी असू दे, आवाज थोडा कमी असू दे.

पिटू


२३ फेब्रुवारी

चि. पिटूस,

तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचायला दिलं. ते वाचून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तळ्याचं म्हणशील, तर अजून काही नक्की नाही. पुढची सुनावणी होईपर्यंत काम थांबलं आहे. टाकलेली माती तशीच पडून आहे आणि ठेकेदाराने डंपर रस्त्यापलीकडे उभे करून ठेवलेत, ते आम्हाला रोज दिसावेत म्हणून. आम्हीही रोज पाण्यात उभे राहतो, आम्ही त्यांना दिसावं म्हणून. पोलीस आता आमच्याकडे पाठ करून डंपरांकडे तोंड करून उभे असतात. काल त्यातल्या एकीने मला विचारलं की पोहायला शिकायचं वय उलटतं का. तिला उद्या सकाळी बोलावलं आहे.

ताईचं पत्र आलं. दोनच ओळी. पहिलीत तिने मला नावं ठेवली आहेत. दुसरीत लिहिलं आहे की पोरगा तुझ्यावर गेला, आता काय करायचं. मी ते उशाशी ठेवलं आहे.

तू माझ्या बाजूने बोललास म्हणून मी खूश आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही रे. घडलं तसं बोललास, आणि बोलताना तुला काय किंमत मोजावी लागणार हे तुला ठाऊक होतं. तुझी ती गंजक्या गाड्यांतली खुर्ची मला कुठल्याही केबिनपेक्षा बरी वाटते. रविवारी डबा घेऊन येते, दोन गाड्यांच्या मधे बसून जेवू.

तुझ्या जुन्या साहेबांची गाठ पडली तर माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, मनात काही ठेवू नका. त्या दिवशी तुम्ही बोटीत असतात तर तुम्हालाही कॉलर धरून वर काढलं असतं, काठावर नेऊन निजवलं असतं, अंगावर पांघरूण घातलं असतं. आणि मग परत जाऊन पाण्यात उभी राहिले असते.

तुझी,
मावशी