दुसरी बाजू

प्रिय आई,

पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

बाबा गेल्याचं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी छोट्या गिटारच्या बाजूची पातळ लाकडी पट्टी गरम नळीवर वाकवत होते. फोन ठेवला आणि पुन्हा वाकवायला लागले.

"अगं, बोट भाजतंय तुझं," मालक म्हणाले. मला कळलंच नव्हतं. "घरी जा," ते म्हणाले.

"दुसरी बाजू राहिलीय," मी म्हटलं.

तीही झाली, कुठे चीर गेली नाही. रडू मात्र येत नाही. तू गोळ्या घेतेस ना? दादा रागावलाय का?

पुढच्या आठवड्यात निघतेय. स्टँडवर घ्यायला कुणाला पाठवू नकोस. बाबांच्या जागी दुसरं कुणी उभं असलेलं मला बघवणार नाही.

तुझीच,
धाकटी