साबुदाण्याचं मूळ गाव

मु. चारठाणा
अधिक ज्येष्ठ, वद्य पक्ष (तिथी मी लिहीत नाही, ती सांगणारा माणूस घरात आहे)

व्याही श्री. रामकिशनराव यांना चारठाण्याहून माणिकरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

आपण सेलूला खुशाल असाल, आपल्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि विहीणबाईंचा खोकला या उन्हाने तरी आटला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून आपणच काय ते ठरवा.) घराघरात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं आपल्याला वाटेल. तर फोन मी लावून पाहिला. शेजारी जावईबापू होते. फोनचा शोध कोणी लावला, पहिलं वाक्य काय बोलला आणि ते ऐकणारा कोण होता, हे ते सांगेपर्यंत आपण फोन ठेवून दिलेला होता. आमच्या गावचा लिंबाजी त्याचा टेम्पो घेऊन सरकी आणायला सेलूच्या मोंढ्यावर येणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

जावईबापू म्हणजे आपले चिरंजीव महारुद्रराव. माणूस सोन्यासारखा आहे, त्यात वाद नाही. व्यसन नाही, रागावणं नाही, आमच्या राजनंदिनीला कधी उणा शब्द नाही. शब्द उणे नाहीत हीच तर अडचण आहे. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. ती आम्ही हौसेने केली. पण नारायणाने किती दिवस मुक्काम करावा हे कुठल्या पोथीत दिलेलं नाही. परभणीला ते नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या पोरांना सामान्य ज्ञान शिकवतात, हे आपण जाणताच. सध्या त्यांच्या क्लासला सुट्टी आहे. ज्ञानाला नाही.

पहिल्या दिवशी मला कौतुकच वाटलं. ताटात धोंडे पडले आणि त्यांनी अधिक महिना का येतो ते सांगायला घेतलं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट साठत जाते आणि तीनेक वर्षांनी एक महिना वरचा घ्यावा लागतो. राजनंदिनीची आई तुपाची वाटी हातात धरून ऐकत राहिली. (माझं बोलणं तिने एवढ्या वेळ कधी ऐकल्याचं मला स्मरत नाही, आणि मी येलदरीच्या कॅनॉलवर जन्मभर नोकरी केलेला माणूस, माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.) तेव्हापासून तिच्या लेखी जावयाचा शब्द म्हणजे नारायणाचा शब्द. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानाचं दार उघडलं. शुक्र ग्रहावर एक दिवस वर्षापेक्षा मोठा असतो, असं त्यांनी भर दुपारी सांगितलं. लाईट गेलेली होती, त्यामुळे मला ते पटलं. आमचा शेजारी मुंजाजी ओट्यावर बसला होता, त्याला सांगितलं की समुद्रात आठ पायांचा एक प्राणी आहे, त्याला तीन हृदयं असतात. मुंजाजी म्हणाला, "मला एकच हाय पाव्हणं, अन् त्याच्यात बी दोन जाळ्या बशिवल्यात." मग ते मला आमच्याच गावची जुनी देवळं दाखवायला घेऊन गेले. मी जन्मलो या गावात. पण नारायणाला नाही कसं म्हणायचं? डोक्यावर ओला टॉवेल टाकून मी माझं गाव पाहून आलो.

मग एका सकाळी शब्दांची पाळी आली. चावी, बादली, परात आणि पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत, असं त्यांनी सांगितलं. मुंजाजीला स्वाभिमान चढला. आजपासून परका शब्द तोंडातून काढणार न्हाई, म्हणाला. मुंजाजीचा भावासोबत जिंतूरच्या कोर्टात वाद चालू आहे हे आपल्याला माहीत असेल, कारण जो भेटेल त्याला तो सांगतो. जावईबापूंनी त्याला मायेने समजावलं की जमीन फारसी, वकील अरबी, तारीख अरबी, आणि दावा हाही आपला नव्हे. सगळा खटलाच बाहेरचा निघाला. मुंजाजी दुपारभर मुका बसून राहिला. संध्याकाळी "पाणी" एवढं एकच बोलला. या मुक्कामातली तेवढी एक दुपार मला सुखाची गेली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लिहायला हात होत नाही, पण येतो.

शुद्ध पक्षात कमला एकादशी झाली. जावईबापूंचा उपवास नसतो, पण फराळ असतो. राजनंदिनीच्या आईने पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि वर तळलेली मिरची, असं ताट वाढलं. जावईबापूंनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा आता ओळखू येतो. मी घाईने पाणी मागितलं, खोकलो, हवापाण्याचा विषय काढला. उपयोग झाला नाही. ते म्हणाले, "मामी, लय मजेची गोष्ट सांगू का? ह्या ताटातलं एक बी आपल्या देशाचं न्हाई. साबुदाणा ज्या कंदाचा करतेत तो कंद, शेंगा, बटाटा, रताळं, राजगिरा, मिरची, सगळं अमेरिकेतून आलेलं. चार-पाचशे वर्षांच्या अलीकडं हे इथं कुणाला ठावं बी नव्हतं."

राजनंदिनीच्या आईने हातातला चमचा खाली ठेवला. तो तिने अजून उचललेला नाही.

आपण म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं. त्यासाठी मागचं सांगावं लागेल. दहा-बारा वर्षांमागे मला अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. तेव्हापासून तिने महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि सगळे सोमवार धरले. मी उठलो, चालायला लागलो. परभणीच्या डॉक्टरांनी ते गोळ्यांचं यश मानलं, तिने उपवासांचं मानलं, आणि मी दोघांनाही हो म्हणालो. घर सुरळीत चाललं होतं. आता ती म्हणते, "खाणंच उपासाचं नव्हतं, तर माझे उपास झाले कुठं? अन् उपास झाले न्हाईत, तर तुमी कशावर उभे हाव?"

मी उभा होतो तो खाली बसलो.

तेव्हापासून ती मागचे सगळे उपवास नव्याने करायलीय. रोज. भगर तेवढी आपली, असं जावईबापूंनी प्रमाणपत्र दिलं, म्हणून दिवसातून एकदा मूठभर भगर, मीठ टाकून. (केळ्याचं विचारलं, तर त्याची लागवड पहिल्यांदा कुठल्याशा न्यू गिनीत झाली म्हणे. केळंही गेलं.) तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. परवा ओसरीवर पाण्याची घागर घेऊन येता येता ती भोवळ येऊन खाली बसली. राजनंदिनीने धरलं म्हणून बरं. जिंतूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईंना नीट जेवू घाला, नाहीतर भरती करावं लागेल. ती म्हणाली, उपास फिटले की जेवते. कधी फिटतील, असं विचारलं तर बोटं मोजून म्हणाली, ह्या दोन दिवाळ्या सोडून तिसऱ्या दिवाळीच्या आसपास.

मी काय कमी खटपट केली? देवळातल्या गुरवाला घरी आणून वदवून घेतलं की साबुदाणा चालतो. ती म्हणाली, ते जावई न्हाईत. फोनवर शोधून दाखवतो म्हणालो, तर फोनही जावईबापूंच्याच बाजूने बोलला. शेवटी जावईबापूंना गोठ्यात गाठलं आणि हात जोडले की एकदा म्हणा, माझं चुकलं होतं. बिचारे रडकुंडीला आले. म्हणाले, "मामा, मागा ते करतो, पण खोटं कसं सांगू? खरं सांगायचा तर माझा धंदा हाय." त्या दिवसापासून त्यांनीही बोलणं सोडलंय. नुसते दारातल्या कडुलिंबाखाली बसून असतात. आधी मी त्यांच्या बोलण्याला थकलो होतो, आता त्यांच्या गप्प बसण्याला थकलो आहे.

ती माझ्यापायी उपाशी, आणि मी तिच्यासमोर बसून वांग्याची भाजी खातो. न खाल्लं तर ती रागावते. मला भीती वाटते, रामकिशनराव. झटका आला तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटते, कारण तेव्हा ती धडधाकट होती.

तरी आपल्याकडे काही काम निघालं असेल तर महारुद्ररावांना बोलावून घ्यावं. आपली कापसाची जिनिंग या दिवसांत बंद असते हे मला कळतं, तरी काहीतरी काढावं. बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ देऊ नये.

आपला,
माणिकराव

ता. क. वर बोलावून घ्यायचं लिहिलं ते केवळ शिष्टाचार म्हणून. ते गेले तरी साबुदाणा अमेरिकेचाच राहणार. खरी विनंती वेगळी आहे. आपण वडील आहात, आपली आज्ञा ते मोडणार नाहीत. तर त्यांना हुकूम करा की सासूशी एकदा खोटं बोल. एकदाच. साबुदाणा मूळचा सेलूचा, असं म्हणाले तरी चालेल. सेलूला त्याने काही तोटा होणार नाही.

ता. क. दुसरा. लिंबाजीच्या टेम्पोचं काहीतरी तुटलं, त्यामुळे पत्र घरीच राहिलं. दरम्यान काल वद्य एकादशी झाली. राजनंदिनीने न सांगता खिचडी केली आणि झाकून ठेवली. आई भगरीलाही हात लावीना. तेवढ्यात जावईबापू लिंबाखालून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "मामी, अजून एक सांगू का?" मी ओसरीवरून नको म्हणून ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "उपवास ह्या शब्दात खायचं नावच न्हाई. उप म्हंजी जवळ, वास म्हंजी राहणं. जवळ राहणं, एवढंच हाय." तिने विचारलं, कुणाजवळ? मला वाटलं, आता तरी हा माणूस देवाचं नाव घेऊन मोकळा होईल. पण छे. म्हणाले, "लोक देवाजवळ म्हणतेत. शब्दात तेवढं बी न्हाई, मामी. शब्दात नुसतं जवळ हाय."

ती म्हणाली, "हे दवाखान्यात होते, तवा मी ह्यांच्या खाटेखाली चटई टाकून निजत होते. ते?"

"ते बी उपवासच, मामी."

"तवा मी कँटीनातली इडली खाल्लेली हाय."

"चालतंय. जवळ होता ना तुमी?"

तिने झाकण काढलं आणि खिचडी वाढून घेतली. वर मिरची घेतली. मी उठून गोठ्यात गेलो आणि बैलाला पाणी पाजलं. त्याला राजनंदिनीने आधीच पाजलेलं होतं. तो माझ्याकडे पाहत राहिला, पण प्यायला.

ता. क. तिसरा. तेव्हा वरच्या दोन्ही विनंत्या रद्द समजाव्यात. महारुद्ररावांना बोलावू नये आणि खोटं बोलायचा हुकूमही करू नये. मात्र एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. तिचं म्हणणं असं की एकटीने जवळ राहता येत नाही, दोन माणसं लागतात. त्यामुळे यापुढे एकादशीला आणि सोमवारी मी मुंजाजीच्या ओट्यावर जायचं नाही, घरात तिच्याजवळ बसायचं. काल दुपारपासून बसलो आहे. ती शेंगा फोडते, मी बसतो. मुंजाजी दोनदा हाक मारून गेला. हे पत्रही मी इथेच, पाटावर कागद ठेवून पुरं करायलोय. आत्ताच जावईबापूंनी ओसरीवरून मोठ्याने सांगितलं, "मामा, आज द्वादशी हाय. आज उपवास न्हाई."

मी उठलो नाही.