पायांनी घेतलेलं मीठ

प्रिय बाबा,

काल पर्युषण संपून क्षमावाणी झाली, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. मंदिरात सगळ्यांपुढे हात जोडले. वर्षभर जिच्याशी अबोला होता त्या शेजारच्या काकूलाही ‘उत्तम क्षमा’ म्हटलं. घरी येऊन बघते तर तुमची गादी रिकामी! ज्यांची माफी खरी मागायची होती, तेच राहून गेले होते. म्हणून हे पत्र. कुठल्या टपालात टाकायचं ते कळत नाही. हल्ली मला बरंच काही कळत नाही.

गुडघ्यांपासून सुरुवात करते. चाळीस वर्षं दुकानात मांडी घालून बसलात. उठताना खांब धरायचात आणि गुडघे असे वाजायचे की समोरचा शिंपी मशीन थांबवून हसायचा. तुम्हीही हसायचात.

पण तुमचे नेम काही गुडघ्यांना विचारून घेतलेले नव्हते. देवदर्शनाशिवाय तोंडात घास नाही, हा तरुणपणचा. आणि साठी उलटल्यावर मीठ सोडलंत, तेही जन्मभरासाठी. दुकानाच्या दारात खडेमिठाची पोती मांडणारा माणूस घरात अळणी वरण खायचा! आई म्हणायची, “येकदा तरी तोंड वाकडं करा, मले बरं वाटंन.” तुम्ही कधीच केलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पाय सुजले. मंदिराच्या पायऱ्या चढवेनात. दर्शन नाही, म्हणून जेवण नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. उचलून नेतो म्हणणाऱ्यांना तुम्ही परत पाठवलंत. “देवाच्या दारात गाठोडं होऊन जाऊ काय मी?” आई ताट वाढून बसून राहायची, आणि मी शाळेत मुलींना शिकवताना फळ्यावर काय लिहिते आहे तेच विसरायची.

डॉक्टर घरी आले, पाय दाबून पाहिले आणि पुडा दिला. विलायती मीठ, एप्सम सॉल्ट. गरम पाण्यात दोन मुठी टाकायचं आणि पाय बुडवून बसायचं.

“डाक्टरसायब, म्या मीठ सोडलं हाये.”

“अहो, हे खायचं नाही. पायांना आहे.”

“जिभेनं सोडाचं अन् पायानं घ्याचं, असं असते काय कुठं?”

ते गेल्यावर मीही वाद घातला. हे जेवणातलं मीठच नव्हे, औषध आहे, म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “नेम म्या घेतला, राजी. त्याच्यातून पळवाट तू कायले काढून राह्यली?”

मग मी पळवाट काढली नाही, बाबा. चोरी केली.

तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, पाणी तापवलं. दुहेरी फडक्यातून गाळलं. आणि गाळून झाल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराआड, घंगाळात दोन मुठी टाकल्या. विरघळून पाणी आरशासारखं स्वच्छ झालं. तुम्ही विचारलंत, “गाळलं ना?” मी म्हटलं, “गाळलं.” ते तर खरंच होतं!

पुढे रोज तेच. त्या तिसऱ्या दिवशीही तुम्ही उपाशीच झोपलात, पण चौथ्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढलात आणि आठवड्याने एकटे चढलात. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्यात. आई पदरात तोंड लपवून रडली. मला इतका आनंद झाला, आणि त्याच वेळी चोरीची भीतीही वाटली. दोन्ही एकदम कसं होतं माणसाला?

मग एकदा पुडा संपला. कंपाउंडर म्हणाला, अकोल्याहून माल यायचा आहे. त्या दिवशी मी नुसतंच गरम पाणी आणलं. तुम्ही पाय बुडवलेत, थोडा वेळ बसलात आणि म्हणालात, “राजी, आज पाणी नुसतंच हाये.”

मी खाली बघून घंगाळातलं पाणी ढवळलं. “नुसतंच तर असते ना बाबा, रोज.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, “हव. रोज नुसतंच असते.”

काय होतं ते? वर्ष झालं, मी त्या दोन वाक्यांभोवती फिरते आहे. त्या दिवशी लाकडं ओली होती, पाणी जरा कोमटच होतं, म्हणून म्हणालात का? डॉक्टर तर नंतर म्हणाले की निम्मा आराम गरम पाण्यानेच पडतो. मग मिठाने काही केलंच नव्हतं का? मी तुमचा नेम फुकटच मोडला? की मोडलाच नाही? कुणाला विचारू?

आणि तुम्हाला माहीत असेल तर? घोट्यावर पांढरी पूड सुकायची, मी घाईघाईने पुसायची. जन्मभर मीठ विकलेल्या माणसाला ती दिसली नसेल? दिसली, तर गप्प का बसलात? माझी चोरी झाकायला? की नेम तुमचा शाबूत राहावा आणि पाप माझ्या पदरात पडावं म्हणून? रागावू नका. पण हेही मनात येतं, आणि आलं की मला माझीच लाज वाटते.

गेल्या क्षमावाणीला तुम्ही खांब न धरता उठलात आणि माझ्यापुढे हात जोडलेत. बापाने लेकीपुढे! “उत्तम क्षमा, राजी,” म्हणालात, आणि जरा थांबून, “पायाची बी.”

मला वाटलं, रोज पाय चोळून घेता त्याबद्दल म्हणताय. “काय बाप्पा, तुमी बी!” असं म्हणून मी हसले, कसंबसं ‘उत्तम क्षमा’ पुटपुटले आणि चुलीवरचं दूध बघायला आत पळाले. दूध उतू जात नव्हतं, बाबा. सगळं सांगून टाकायला वर्षातला एक दिवस असतो, तो तुम्ही माझ्यापुढे धरलात, आणि मी दूध बघायला गेले!

पौषात दोन दिवसांचा ताप आला आणि तुम्ही गेलात. तापाच्या आदल्या सकाळीसुद्धा पायऱ्या चढून आला होतात.

माझा नवरा गेला तेव्हा मला गाडीत घालून वाशीमला आणलंत ते आठवतं? मी मास्तरीण व्हावं अशी तुमची फार इच्छा होती. तरी वाटेत म्हणालात, “शिकाचं हाये का तुले? नाही म्हणशीन तर नाही.” तुम्ही मला विचारलंत. मी तुम्हाला विचारलं नाही. बाकी सगळा गोंधळ आहे, पण एवढं मात्र मला स्वच्छ कळतं.

आता आईचे गुडघे धरले आहेत. तुमच्यामागे तिनेही मीठ सोडलं. डॉक्टरांनी दिलेला तसलाच पुडा परवापासून फळीवर आहे. काल माझा हात दोनदा त्याच्याकडे गेला.

आज संध्याकाळी पुडा तिच्यापुढे ठेवीन. हे मीठ आहे म्हणून सांगीन, गेल्या वर्षीचंही सगळं सांगीन, आणि मग विचारीन. ती नाही म्हणाली तर नाही. गरम पाणी आणीन आणि पाय चोळत बसेन. हे वचन देते. आणि ती म्हणाली, “आज पाणी नुसतंच हाये,” तर मला तिच्याकडे बघून ‘हव’ म्हणता येईल.

उत्तम क्षमा, बाबा. पाण्याची बी.

तुमची,
राजी