पिवळ्या माशांची टाकी

१० नोव्हें., सोम., रेडी
म्हापशाहून टाकी आली. चार फुटी. टेम्पोवाल्याने आणि बाबलने उतरवली. हॉलमध्ये मांयची खाट होती तिथे ठेवली. ऑगस्टमध्ये मांय गेली, तेव्हापासून ती मोकळी जागा वळसा घालून ओलांडत होतो. का, कोण जाणे.
बाबल शेजारचा, काजूवाला. दिवसातून एकदा तरी डोकावणारं माणूस आता तेवढंच. आफ्रिकेतले मासे येणार म्हटल्यावर विचारात पडला. "मास्तरांनू, खावचे नाय तर हाडतास कित्याक?" खायचे नाहीत तर आणायचे कशाला, हे त्याला पटेना.
लुसीला फोन केला. इंग्लंडात दुपार, बायको म्हाताऱ्यांच्या होममध्ये ड्युटीवर. "बरां," एवढंच म्हणाली.

१२ नोव्हें.
टाकीच्या दुकानदाराने दिलेल्या थेंबांनी विहिरीचं पाणी तपासलं. फारच हलकं. या माशांना जड पाणी लागतं, मालावी सरोवरासारखं. तीस वर्षं भूगोल शिकवला, मुलांकडून नकाशात ते लांबुडकं सरोवर काढून घेतलं. त्यात कोण राहतं, हा विचार एकदाही मनात आला नव्हता.
उपाय सोपा. शिंपले. पाण्यात ठेवले की हळूहळू विरघळतात, पाणी जड होतं.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी किनाऱ्यावर शिंपले वेचले. लग्नानंतर लु. बरोबर यायची तेव्हा ती पुढे आणि मी मागे. एक बाई ओळखीची भेटली, म्हणाली, मास्तर, कोणासाठी वेचता? घरासाठी, म्हटलं. शिंपले उकळून वाळत घातले. घरभर समुद्राचा वास. बरं वाटलं.

२३ नोव्हें.
दगडांची रास. हे मासे कपारीत राहणारे. जांभ्या चिऱ्याचे तुकडे घालून बघितले, पाणी लालसर झालं, काढले. मग बाबलच्या शेताकडच्या ओढ्यातून काळे धोंडे आणले. दोघांनी मिळून रचले. एकदा कोसळले. काच वाचली, माझं बोट चेचलं. बाबल हसला, मीही. घरात हसण्याचा आवाज जरा मोठाच वाटला.
पाणी भरलं, फिल्टर चालू. आता महिनाभर टाकी रिकामीच चालवायची. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजलं पाहिजे, म्हणजे पाणी तयार होतं.

४ डिसें.
टाकीसमोर बसून जेवतो. आत कोणी नाही. पाण्याचा आवाज आहे. जेवताना कोणीतरी शेजारी असल्यासारखं...

२१ डिसें., रवि.
मासे आले! इलेक्ट्रिक येलो, बोटाएवढे. सोडल्याबरोबर सगळे धोंड्यांमागे गडप. दुपारभर वाट पाहिली. एकही दिसेना. बाबल म्हणाला, पाहुणे लाजरे आहेत.

२५ डिसें.
चर्चमध्ये नाताळची मिस्सा. नेवऱ्या, आमच्या करंज्या, यंदा कोणी करणार नव्हतं, विकतच्या आणल्या. बाबलकडे दिल्या.
लु.चा फोन. माझा इंग्लंडचा व्हिसा झाला. सप्टेंबरात तिच्या आग्रहाने अर्ज केला होता, होईल असं खरंच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं कारण होतं, मांय अंथरुणावर. आता मी म्हणालो, मासे आत्ताच आणलेत, त्यांच्याकडे कोण बघेल?
ती म्हणाली, "पास्कू, सात वर्षां मी एकटीच जेवतंय. तुका मांय तरी होती."
फोन ठेवल्यावर टाकीसमोर बसलो. इतकी वर्षं मागे राहिला तो मीच, असं धरून चाललो होतो.

६ जाने.
सकाळी लाईट गेली. फिल्टर बंद, हवा बंद. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले. बॅटरीवरचा पंप दुकानदाराने घ्या म्हटलं होतं, घेतला नव्हता. तांब्याने पाणी उचलून वरून ओतत बसलो, तेवढीच हवा मिसळते. खांदे भरून आले. दुपारी बाबल आला, माझ्या हातातला तांब्या घेतला. आळीपाळीने ओतत राहिलो. संध्याकाळी लाईट आली. एक मासा गेला. बाकीचे वाचले.
बाबल जाताना म्हणाला, "आता कळला कित्याक हाडलास ते." काय कळलं, ते विचारायचं राहिलं.

१८ जाने., रवि.
एक मादी खात नाही. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. दुकानदाराला विचारलं. तोंडात अंडी आहेत म्हणाला. पिल्लं सुटेपर्यंत तीन आठवडे अशीच उपाशी.
लु.ला व्हिडिओवर दाखवली. तिने फोन जवळ न्यायला सांगितला, आणखी जवळ. या घरात पोरांची वाट बघणं आम्ही दोघांनी केव्हाच सोडून दिलं होतं. "काय्यच खायना?" एवढंच विचारलं तिने.

२९ जाने.
लु. आता रोज फोन करते, ड्युटीवर जायच्या आधी. पहिला प्रश्न मादीचा. मग माझा. तिकिटाचा विषय काढत नाही. काढला असता तर बरं, असं आज वाटलं.

८ फेब्रु., रवि.
पिल्लं सुटली. दगडाच्या फटीत, तांदळाच्या दाण्याएवढी. आईचं अंग खंगलंय, पण सकाळी खाद्यावर पहिली तीच आली. लु.ला फोटो पाठवला. उत्तरात तिचा फोटो आला, होमच्या युनिफॉर्ममध्ये, डोळे सुजलेले, हसतेय. केस किती पांढरे झालेत तिचे. व्हिडिओत तसे दिसत नव्हते.

१५ फेब्रु., रवि.
बाबलला विचारलं, मी नसलो तर जमेल का. "किती दिवस?" म्हणाला. ठाऊक नाही, म्हटलं. तो टाकीजवळ जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "दाखवा, कसा घालतास ता."
खाद्याची चिमूट त्याच्या हातात दिली. मला वाटत होतं, मासे मला ओळखतात. मी काचेजवळ गेलो की धावत वर येतात, इतर कोणासाठी नाही येणार. बाबलने हात पुढे केला. सगळे वर आले. तसेच.
तो खूश. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा टाकला.
लु.ची आज सुट्टी. अजून तिचा फोन नाही. तिकडे सकाळ झाली की मीच करीन. तिकिटाचा विषयही मीच काढीन.