लग्नातले फटाके आणि माझी कुजबुज

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी साष्टांग नमस्कार (या वेळचा शब्दशः धरावा, तुम्ही ऊठ म्हणेपर्यंत मी आडवाच आहे असं समजा). तुमची तब्येत बरी असेल, ताईच्या गुडघ्याची सूज उतरली असेल. तिलाच विचारलं असतं, पण ती माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. भाची सासरी रुळली असेल. इकडे माझ्याखेरीज सर्वांचं क्षेम आहे.

विनंती विशेष, भाचीच्या लग्नाच्या मेजवानीत मी काय केलं ते तुम्हाला ताईकडून कळलं असेलच. पण ते कसं घडलं ते माझ्याकडून कळावं. बाटल्यांच्या कारखान्यात माझी नोकरीच मुळी लोकांचे कान सांभाळायची. कामगारांच्या कानात स्पंजाचे बोळे नीट बसलेत का ते बघत मी दिवसभर हिंडतो, म्हणून तर ते मला कानपिळ्या म्हणतात. व्याह्यांनी फटाके आणलेत असं कळल्यावर मी पिशवीभर बोळे घेऊन आलो आणि पाहुण्यांना रांगेत उभं करून शिकवणी घेतली: बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट काढायचं नाही. लहान मुलांना लांब, भिंतीपाशी उभं केलं. नवऱ्या मुलाच्या आजीला मी स्वतः बोळे बसवून दिले (त्या मला डॉक्टर समजल्या आणि त्यांनी पाठही दाखवली). इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

मग नवऱ्या मुलाचा काका आला. कानात काही नाही, मिशीला पीळ. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘तुमच्याकडचे पुरुष आवाजाला भितात वाटतं?’’ दाजी, इतकी वर्षं मी ज्या माणसांना मूर्ख म्हणत आलो, त्यांच्यात जाऊन बसायला मला एवढं एक वाक्य पुरलं. मी दोन्ही बोळे काढून खिशात टाकले आणि हाताची घडी घालून त्याच्या शेजारी, फटाक्यांच्या पेटीपासून चार पावलांवर उभा राहिलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. तेवढ्यात एक मोठा बार वर जायचा तो जमिनीलगतच फुटला. काका दचकून खाली बसला. मी उभाच राहिलो, याचा तेव्हा मला अभिमानसुद्धा वाटला (आता त्याचीही लाज वाटते).

त्यानंतर कानात नुसती शिट्टी. माणसांची तोंडं हलत होती, आवाज नव्हता. फटाके संपले, सगळ्यांनी बोळे काढले, अंगण शांत झालं. तेवढ्यात विहीणबाईंनी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही हसून मान डोलावलीत. मी बायकोच्या कानाशी वाकलो आणि माझ्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात म्हणालो, ‘‘दाजींना काही ऐकू येत नाही ग. नुसती मान हलवतात. ताईने पाय दाबला की हसायचं, असं ठरलंय त्यांचं.’’ बायकोने माझ्या तोंडावर हात दाबला तेव्हा कळलं की आवाज पार स्वयंपाक्यांपर्यंत गेला होता. ते झारे घेऊन बाहेर आले होते. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. भाचीचा चेहरा मला विसरता येत नाही, तिलाही हे ठाऊक नव्हतं. माझं बोलणं फक्त तुम्हाला ऐकू गेलं नव्हतं. सगळे बघताहेत म्हटल्यावर तुम्ही सगळ्यांकडे बघून हसलात आणि मान डोलावलीत.

दाजी, हे ताईखेरीज तुम्ही फक्त मला सांगितलं होतं. मी कानांतला जाणता, म्हणून विश्वासाने सांगितलं होतं. मोठ्या आवाजाने जे जातं ते परत येईलच असं नाही, हे कारखान्यात मीच ओरडून सांगतो. तोंडाने गेलेल्या शब्दाचंही तसंच असतं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं तर शिकवायची गरजही पडायला नको होती. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. काका मात्र ठणठणीत आहे असं ऐकतो.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. ऐकतो म्हणजे बायको लिहून दाखवते. माझे दोन्ही कान अजून पुरते आलेले नाहीत, आणि कारखान्यात कुणाला सांगायची हिंमत नाही. तुम्ही ज्या कानाच्या डॉक्टरांकडे जाता त्यांचा पत्ता हवा होता. जमलं तर सोबतही या; तिथे एकट्याने बसायची मला भीती वाटते.

ता. क. दुसरा. आधी फोन का केला नाही, असं म्हणाल. परवा केला होता. तुम्हीच उचललात आणि बराच वेळ बोललात. मला एक अक्षर कळलं नाही आणि तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी ‘‘हो, हो’’ म्हणत राहिलो आणि ठेवून दिला. तुम्ही मला माफ केलंत की शिव्या घातल्यात, तेवढं कृपया लिहून कळवा.