अण्णा, दुसरं ताट कुणाचं?

अण्णा, काल तुमचं पित्तर घातलं आणि मायनं यंदाही दोन ताटं वाढायला लावली. एक तुमचं. दुसरं कुणाचं, ते तुम्हाला वर कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही पडलात तो औशाच्या बाजाराचा दिवस. हेल्मेट मीच आणून दिलेलं. डोकं सोडून सगळ्याला ते वापरलंत. त्या दिवशी हँडलला अडकवून त्यात कोथिंबीर अन् मिरच्या आणत होता. कुत्रं आडवं आलं. मिरच्यांना खरचटलंसुद्धा नाही. लातुरातून तुम्हाला नांदेडला हलवलं. तिथला तरुण डॉक्टर आम्हाला बाकावर बसवून सांगतोय: डोक्याच्या मारावर एक उपचार तपासून बघतोय. रक्तातल्या पेशी काढल्या की उरतं ते पिवळं पाणी, प्लाझ्मा. त्यानं मेंदूची इजा आटोक्यात राहते का, ते बघायचं. निम्म्यांना प्लाझ्मा, निम्म्यांना साधं सलाईन, चिठ्ठी निघेल तसं. पिशवी आणि नळी काळ्या कापडात. कुणाला काय गेलं ते आम्हाला कळणार नाही, त्यालाही नाही. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच.

"कुणाचं हाय ते पाणी?" मायनं विचारलं.

"दात्याचं. नाव सांगता येत नाही, मावशी."

"नाव नगं. माणूस कसा हाय?"

"पिशवीवर रक्तगट असतो, स्वभाव नसतो."

माय माझ्याकडं वळली. "ह्यांच्यासारखाच तोंडाळ निघाला तर? एकातच जलम गेला माझा."

मी डॉक्टरला हो म्हणालो. काळी पिशवी टांगली गेली, आणि मायपुरती चिठ्ठी तिथंच निघाली: दुसऱ्याचं पाणी.

तुम्ही वाचलात. पण घरी आला तो कोण, हे मला अजून ठरवता येत नाही. गेला होता तो लाल गाडीवरचा कंडक्टर, ज्याच्या तोंडाला अख्खा नांदेड-लातूर रस्ता भ्यायचा. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा "तिकिटामागं छापायचा, निदान कुणी खिशात तरी ठेवला असता" म्हणालेला बाप. आला तो चुलीपाशी बसून मायला तुरीच्या शेंगा सोलून देणारा, हळू बोलणारा म्हातारा. मी दारात येतो, तो मान वर करतो, म्हणतो, "जेवलास का, बाळा?" उभ्या जन्मात तुम्ही मला बाळा म्हटलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का.

गावानं निकाल देऊन टाकला: दुसऱ्याचं पाणी चढलं, गुण लागला. चुलते म्हणाले, "लई गरीब माणसाचं असंल. आपल्या भावकीत सगळ्यालाच चढवा की." माय हसली नाही. ती रोज भाकरीचा पहिला तुकडा त्या अनोळखी माणसाच्या नावानं बाजूला ठेवायची. पुढं तुम्ही गेलात, तेव्हापासून दर पित्तराला तुमच्या ताटाशेजारी त्याचंही ताट. "माय, देणारा जिता असंल की," मी म्हणालो. "मग पोटभर जेवंल," ती म्हणाली. पितरांच्या पंगतीला जित्या माणसाला बसवणारं आपलं एकच घर, अण्णा.

त्या उपचाराची तपासणी संपल्यावर मी नांदेडला जाऊन त्याच डॉक्टरला गाठलं. संगणकात बघून तो म्हणाला, "सलाईन होतं."

मिठाचं पाणी. दुसरं कुणी आलंच नव्हतं. मग बाळा म्हणणारा कोण होता? मेंदूला मार लागला की माणूस बदलतो, असं तो म्हणाला. म्हणजे तो मार बोलत होता? की तुम्हीच आत होता, आणि बाहेर यायला तुम्हाला डांबरी रस्ता लागला? पुढाऱ्यांना टोमणे मारून मी पोट भरतो, जीभ तुमचीच आहे. पण हे काही हसण्यावारी नेता येत नाही. भर दुपारी रिकाम्या घरात मागून आवाज येतो, "जेवलास का?" मी "हाव" म्हणतो आणि वळून बघत नाही. दोघांपैकी कोण असेल, याची भीती वाटते.

मायला सांगितलं नाही. तिचा एवढा एकच पाहुणा, तोही कशाला मारायचा?

हे पत्र घडी घालून त्या हेल्मेटात ठेवतो. डोक्यावर नाही तर नाही. एक मात्र सांगून टाकतो, अण्णा: दोन्ही ताटं मीच वाढतो, आणि खीर दुसऱ्या ताटात जास्त पडते.