खिडकीच्या कडेची खाच

केज,
दि. ९ मार्च १९८७

चि. शहादेव यास आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत, तूही बरा असशील. तुझा औरंगाबादचा पत्ता तुझ्या ताईच्या ट्रंकेत होता. तिनं दिला नाही, मीच काढून घेतला. तीन वर्षांत माझं हे पहिलं पत्र. कारण कामाचं आहे, म्हणून कामाचंच लिहितो.

दूध संस्थेची स्कूटर पुन्हा माझ्या गॅरेजात उभी आहे. पिस्टन झिजलाय. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. यंदाच्या पावसाचं तुला काय सांगावं! खालच्या वाडीतली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तरी लोकांनी कुठून कुठून कडबा आणून म्हशी जगवल्यात, रोज चार कॅन दूध निघतं. फाट्यावरून शीतकरण केंद्राचा टेम्पो सकाळी आठला जातो. सध्या माणसं डोक्यावर कॅन घेऊन वाडीपासून फाट्यापर्यंतचा तो चढ चढतात आणि निम्मं दूध टेम्पो गेल्यावर पोचतं. मग ते नासतं.

ते इंजिन आता दुकानातल्यासारखं राहिलेलं नाही, हे तुला माहीत आहे. सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याची जी खिडकी असते, ती मी कानशीनं दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर रुंद केली. म्हणून चार कॅन घेऊन ते दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढतं. मला कुणी शिकवलं नाही. ना आयटीआय, ना उस्ताद. तेव्हा त्याला कुठलाही पिस्टन चालणार नाही, तिकडून तूच बघून घे आणि पाठव. तू आता लेथवर आहेस, माप नीट वाचशील.

सिलिंडर घासून सत्तावन्न पूर्णांक पाच मिलिमीटर करतो आहे. पिस्टन त्याहून मिलिमीटरच्या सात शतांशानं बारीक पाहिजे. पुस्तकात पाच लिहिलंय, पण पुस्तक लिहिणारा मार्च महिन्यात आपल्या चढावर आलेला नाही. पिनच्या भोकापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची मूळच्याइतकीच हवी. दुकानदार हलका पिस्टन पुढं करील, तो घेऊ नकोस.

आणखी एक. पिस्टनभोवतीच्या रिंगेची दोन टोकं जागेवर राहावीत म्हणून तिच्या खोबणीत टाचणीच्या डोक्याएवढी पिन असते. ती पिन धुराच्या खिडकीसमोर नको. खिडकीच्या कडेजवळही नको. मागं, भरीव भिंतीकडे पाहिजे. हे दोनदा बघ.

सोबत कागद आहे. तो सिलिंडरच्या आत गुंडाळून, काळ्या ऑईलच्या बोटानं दाबून छाप घेतलाय. खिडक्या जशाच्या तशा उमटल्यात. पिस्टन त्यावर ठेवून ताडून घे. पिस्टन अंबाजोगाई गाडीच्या कंडक्टरजवळ दिलास तरी मिळेल.

गहिनीनाथ मिस्त्री


केज,
दि. २३ मार्च १९८७

प्रिय शहादेव,

तुझं कार्ड पोचलं. नीट वाचलं हे तुला कळावं म्हणून तुझ्याच ओळी लिहितो: 'दाजी, छाप मिळाला. खिडकीच्या डाव्या कडंला खाच दिसती. ऑईल कमी पडलं तर पिस्टन उभा ओरबाडतो, कडंला खाच पडत न्हाई. पिन मागं कावून पाहिजे ते लिवा, मग पिस्टन घेतो.'

दोन दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या ताईनं सदरा धुवायला घेतला आणि कार्ड तिच्या हातात गेलं. मी बाहेर स्पोक कसत होतो. ती ओल्या हातानंच आली.

"काय इचारलंय त्यानं?"

"मशिनीचं आहे."

"मशिनीचं तर लिवा की. तुमच्या पान्याला समदं कळतंय, पेनाला कावून न्हाई?"

"लिहितो."

"आदी मला सांगा. म्या त्याची बहीण हाय."

तिला सांगितलं ते आता तुला लिहितो.

तीन वर्षांपूर्वीचा तो पिस्टन मी निवडला होता. जुन्यापेक्षा अठरा ग्रॅमनं हलका. सोनाराच्या काट्यावर तोलून आणला होता, आणि त्या अठरा ग्रॅमचं कौतुक महिनाभर सांगत होतो. व्यास मोजला, उंची मोजली, रिंगेच्या टोकांमधली फट पत्तीनं मोजली. पिन कुठं आहे ते बघितलं नाही. पिनसमोर पूर्वी भिंत होती. ती भिंत मीच कानशीनं घासून काढली होती. मग रिंगेचं टोक दर फेऱ्याला खिडकीत डोकवायला लागलं आणि चौदाव्या दिवशी कडेला अडकून तुटलं. इंजिन जाम, चाक जाम. त्या वेळी चढावर, चार कॅन घेऊन, तू होतास.

दूध रस्त्यावरून खाली वाहत होतं. तू मनगट धरून बसला होतास. मी मनगट विचारलं नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "पेट्रोलमध्ये ऑईल कमी घातलंस."

'चोर' हा शब्द माझा नव्हता. 'चोर हाय, ऑईल इकतंय त्ये' असं दुसरंच कुणी म्हणालं. पण मी तिथंच होतो आणि ऐकून गप्प राहिलो.

त्याच दुपारी इंजिन खोललं. सिलिंडर ऑईलनं ओला होता. उभा ओरखडा एकही नाही. खिडकीच्या कडेला रिंगेचा नखाएवढा तुकडा रुतलेला. तो काढून चुन्याच्या डबीत टाकला, कड घासून गुळगुळीत केली, जुन्या धर्तीचा जड पिस्टन बसवला आणि लोकांना सांगितलं की इंजिनाचा जोर जरा कमी करून ठेवलाय. तोवर तू गाव सोडलं होतंस. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणालो. तसे किती आठवडे गेले ते तू मोज.

खाच मात्र घासून पूर्ण गेली नाही. मागच्या पत्रासाठी छाप घेतला तेव्हा ती उमटलेली मी बघितली. दुसरा कागद घेता आला असता. घेतला नाही. माझ्या बाजूनं एवढंच लिहिण्यासारखं आहे.

ताईनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "तीन दिवाळ्या ओवाळायला भाऊ न्हवता मला," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? ज्यांच्याम्होरं बोलले त्यांच्याम्होरं जावा."

काल सकाळी खालच्या वाडीला गेलो. दूध मोजायला माणसं जमलीच होती. संस्थेचे चेअरमन सुंदरराव माप धरून उभे होते. मी डबी उघडून तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि तुला लिहिलं तेच, त्याच क्रमानं सांगितलं.

सुंदररावांनी तुकडा उलटापालटा केला. "मिस्त्री, येवढ्याशा तुकड्यापायी गडी गाव सोडून गेला?"

"तुकड्यापायी नाही. माझ्यापायी."

मग भिवराबाई पुढं आली. त्या दिवशी सांडलेल्यात तिचं दूध सगळ्यात जास्त होतं, आणि तो शब्दही तिचाच.

"म्या तोंडानं चोर म्हनलं," ती म्हणाली. "तुमी तोंड असून गप बसले. आता सांगा, कोन लई वंगाळ?"

"मी."

"मग त्याला बोलवा. पिस्टन त्याच्याच हातानं बसवा. तुमचा भरवसा हितनं पुढं मोजून घ्यावा लागंल."

माणसं हसली. जरा उशिरा मीही हसलो. मग सगळ्यांबरोबर एक कॅन डोक्यावर घेऊन चढ चढलो. पंचेचाळिसाव्या वर्षी तो चढ किती लांब आहे ते पहिल्यांदा कळलं. टेम्पो गाठला.

आता कामाचं. पिस्टन तू निवड. पिन कुठं असावी, कडेपासून किती लांब, ते तुझं तू ठरव. तुझ्या हाताखाली आता माझ्याहून चांगली मापं आहेत. सात शतांश मी म्हणालो होतो, तुला साडेसहा वाटले तर साडेसहा. त्याच्या खाली मात्र जाऊ नकोस. चढ माझा बघितलेला आहे, आणि आता पायांनीही मोजलाय.

कंडक्टरजवळ देऊ नकोस. घेऊन ये. बसवायच्या आधी आपण दोघं मिळून कागद सिलिंडरमध्ये गुंडाळू आणि दोघं बघू. पाने मी देत जाईन. वाडीत दोन म्हशी व्यायल्यात, पाचव्या कॅनची सोय करावी लागणार आहे, तेव्हा अजून एक-दोन मिलिमीटर कुठं घासायचे का, तेही तुला विचारायचं आहे. तू नको म्हणालास तर नको.

तो तुकडा डबीत नाही. संस्थेच्या खोलीत, दुधाच्या मापाशेजारी, खिळ्याला दोऱ्यानं टांगलाय. सुंदरराव म्हणाले, शहादेव येईल तेव्हा तोच काढील.

ताईनं तुझ्या मनगटाचं विचारलंय. मीही विचारतो. तीन वर्षं उशिरा विचारतो.

त्या दिवशी ऑईल बरोबर होतं, शहादेव. तुझं माप चुकलं नव्हतं.

तुझा दाजी,
गहिनीनाथ